विमानाच्या पंखातलं लाकूड

घरच्या घरी विमान बांधणारा माणूस म्हटलं की आपल्याला अमोल यादव आठवतात. मुंबईत, कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. ते विमान धातूचं आहे. पण जगभरातल्या हौशी विमान बांधणाऱ्यांमध्ये एक पंथ असा आहे, जो आजही लाकडाचंच विमान करतो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये घराच्या मागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं हे काम चालतं. त्याची सुरुवात इंजिनापासून होत नाही. ती होते लाकडाच्या वखारीत, एक फळी उचलून उजेडात धरण्यापासून. ही फळी नेमकी कशी निवडायची, हे ज्ञान माणसाला कसं मिळालं आणि त्याची किंमत कोणी मोजली, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

लाकडाचं विमान म्हणजे खेळणं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात विमानाच्या इतिहासातली पहिली पंचवीस-तीस वर्षं मुख्यतः लाकडाचीच आहेत. त्या काळातला पंख म्हणजे काय, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या दोन तुळया, त्यांवर आडव्या बसवलेल्या पातळ फासळ्या आणि वरून ताणलेलं कापड. हवेत गेल्यावर विमानाचा सगळा भार या दोन तुळयांवर येतो. घराची तुळई कमकुवत निघाली तर ती आधी वाकते, कुरकुरते, भिंतीला तडे पाडते. विमानाची तुळई एवढी सवड देत नाही.

१९०० सालच्या सप्टेंबरात विल्बर राइट ओहायोतल्या डेटन गावाहून निघाले, तेव्हा त्यांच्या सामानात ग्लायडरचं कापड आणि धातूचे भाग होते. लांब लाकूड रेल्वेनं वाहून नेण्यापेक्षा वाटेत विकत घ्यावं, असा त्यांचा हिशेब होता. पंखाच्या तुळयांसाठी त्यांना १८ फुटी स्प्रूस हवं होतं. नॉरफोक हे मोठं बंदर, तिथे वखारींना काय तोटा? पण हवं तसं लाकूड त्यांना मिळालं नाही. शेवटी १६ फुटी पाइनवर भागवावं लागलं. तुळई आखूड झाली म्हणून पंख आखूड झाला. २०० चौरस फूट ठरवलेलं क्षेत्रफळ १६५ वर आलं. त्या मोसमात किटी हॉकच्या वाळूवर ते ग्लायडर बहुतेक वेळ पतंगासारखं दोरीवरच उडवलं गेलं. माणसाला घेऊन ते फार थोडा वेळ उडालं. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. जगातल्या पहिल्या विमानकर्त्याची आकृती त्याच्या कागदानं ठरवली नाही, गावातल्या वखारीनं ठरवली. १९०३ च्या डिसेंबरात जे विमान उडालं, त्यात मात्र स्प्रूस होतं आणि सोबतीला चिवट अ‍ॅश.

स्प्रूस हे आपल्याकडे अगदीच परकं झाड नाही. हिमाचलात 'रई' म्हणतात ते याच कुळातलं. पण विमानासाठी नावाजला गेला तो सिटका स्प्रूस. अलास्कातल्या सिटका या गावावरून त्याला हे नाव पडलं. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत पॅसिफिकच्या किनाऱ्याला लागून जो धुक्याचा, पावसाचा पट्टा आहे, त्यात हा वृक्ष शेकडो वर्षं वाढतो. दाट जंगलात उजेडासाठी सरळ वर जातो. खालच्या फांद्या लवकर झडतात, त्यामुळे खोडाचा मोठा भाग बिनगाठीचा राहतो. आपलं सागवान घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं, तर सिटका स्प्रूस साडेचारशेच्या आत-बाहेर. एवढं हलकं असून वजनाच्या मानानं त्याची ताकद फार मोठी. विमानाला हवी ती नेमकी हीच गोष्ट.

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं आणि या झाडाला एकाएकी तोफगोळ्याइतकं महत्त्व आलं. इंग्लंड, फ्रान्स, इटली या सगळ्यांना हजारो विमानं हवी होती. कॅनडाच्या किनाऱ्यावरची आणि बेटांवरची झाडं तोडली जाऊ लागली. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या वायव्येकडच्या जंगलांमध्ये लाकूडतोड्यांचा मोठा संप झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं. दिवसाचे तास आठ करा आणि राहायला माणसासारखी जागा द्या. तोवर हा कामगार आपली वळकटी पाठीवर टाकून एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जात असे.

लाकूड तर हवंच होतं. मग अमेरिकी लष्करानं त्या वर्षाच्या अखेरीला खास 'स्प्रूस प्रॉडक्शन डिव्हिजन' उभी केली. बंदुकीऐवजी कुऱ्हाड आणि करवत हातात घेतलेले २८ हजारांहून अधिक सैनिक ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या जंगलात शिरले. लष्करानं मालक आणि कामगार या दोघांना एका संघटनेत घेतलं आणि त्यांच्याकडून देशनिष्ठेची शपथ लिहून घेतली. १ मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवस लागू झाला, छावण्यांत स्वच्छ अंथरूण-पांघरूण आलं. कामगारांनी जे मागितलं होतं ते मिळालं, पण ज्या युनियननं त्यासाठी संप केला होता ती मात्र मोडून काढण्यात आली. पंखातल्या त्या गुळगुळीत पट्टीच्या मागे हेही आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर गावी लष्करानं प्रचंड मोठी लाकूडगिरणी घातली. दिवसाला दहा लाख बोर्ड फूट लाकूड कापण्याची तिची ताकद होती. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड एवढी फळी. युद्ध संपेपर्यंत सगळं मिळून १४ कोटी बोर्ड फुटांच्या वर विमानाचं स्प्रूस निघालं आणि त्याचा मोठा वाटा दोस्त राष्ट्रांकडे गेला. ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या दाट जंगलातून ३६ मैलांचा खास लोहमार्गही टाकला गेला. पण तो पूर्ण झाला तो युद्ध थांबल्यानंतर. युद्धासाठी त्यावरून एकही ओंडका गेला नाही. आज लेक क्रेसंटच्या काठानं त्या मार्गाच्या काही भागावरून लोक फिरायला जातात.

या धामधुमीत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. एवढं उंच झाड पाडलं, तरी त्यातलं विमानाला चालेल असं लाकूड फार थोडं असतं. कारण लाकडाची ताकद त्याच्या रेषांत असते. झाड वाढताना थोडं पिळलं, की खोड सरळ दिसलं तरी आतले तंतू तिरके जातात. असं खोड करवतीनं सरळ कापलं, तर फळी सरळ निघते आणि रेषा मात्र तिरप्या. डोळ्याला सुंदर, पण भार आला की त्या तिरप्या रेषेवरच ती फुटते. म्हणून जंगलातच ओंडके पाचर ठोकून आणि सुरुंगाची दारू वापरून फोडले जात. करवत रेषा तोडून जाते, पाचर रेषेच्या मागे जाते. कोकणात वासे फोडणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे १९१० पासून अमेरिकी सरकारची लाकडाची प्रयोगशाळा होती. तिथे लाकूड वाकवून, मोडून, वाळवून शेकडो चाचण्या झाल्या आणि नियम तयार झाले. विमानाच्या तुळईत रेषेचा तिरपेपणा पंधराला एक, याहून जास्त नको. म्हणजे फळीच्या १५ इंच लांबीत रेषा एका इंचापेक्षा जास्त सरकलेली नको. एवढ्या तिरपेपणाला वाकण्याची ताकद शंभराची ८९ होते. पाचाला एक एवढा तिरपेपणा असेल तर ती ५५ वर येते. लाकूड तेच, झाड तेच, वजनही तेच, पण ताकद जवळजवळ निम्मी.

युद्ध संपलं आणि हे ज्ञान हळूहळू सामान्य माणसाच्या हाती आलं. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल नावाचे एक स्वशिक्षित कारागीर होते. १९२९ मध्ये त्यांनी लाकडी सांगाडा, कापडी पंख आणि फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचं इंजिन असं विमान उडवलं. त्याचे नकाशे पुढे मासिकांमधून छापून आले. त्यावरून आजही लोक 'एअर कॅम्पर' बांधतात. पुढे १९५३ मध्ये पॉल पोबरेझनी यांनी मिलवॉकीला हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली आणि या छंदाला घर मिळालं.

पण मधल्या काळात लाकडावरचा व्यापारी विश्वास उडाला होता. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये एक फोकर प्रवासी विमान पंख मोडून कोसळलं. आठ जण गेले. त्यांत नूट रॉक्नी हे अमेरिकेतले लाडके फुटबॉल प्रशिक्षक होते. देश हळहळला. पंखाच्या बंद प्लायवूडच्या आत ओल शिरून सरसाचे सांधे सुटले असावेत, असं तपासात दिसलं. आत काय झालंय ते बाहेरून कळायला मार्गच नव्हता. प्रवासी विमानं धातूकडे वळण्याचा वेग त्यानंतर वाढला.

दुसऱ्या अशाच प्रकरणाचा आपल्या देशाशी संबंध आहे. ब्रिटिशांचं 'मॉस्किटो' हे दुसऱ्या महायुद्धातलं अतिशय वेगवान विमान. त्याचं धड बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेलं, पंखात स्प्रूस. फर्निचरच्या कारखान्यांमधले सुतार त्याचे भाग बनवत. १९४४ च्या पावसाळ्यानंतर भारतात आलेली काही मॉस्किटो हवेतच मोडली आणि नोव्हेंबरमध्ये इथली ही विमानं जमिनीवर थांबवण्यात आली. पहिलं बोट गेलं ते आपल्या हवेकडे. सुरुवातीच्या मॉस्किटोंचा सरस केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला. तेव्हा इथला मान्सून आणि दमट उष्मा यांनीच घात केला, असं धरून चालणं सोपं होतं. पण पुढच्या तपासात तसेच दोष कधीही मान्सून न पाहिलेल्या विमानांतही सापडले. चूक इंग्लंडमधल्या कारखान्यात झाली होती. फळ्या एकमेकींना नीट भिडल्या नव्हत्या, सरस जिथे लागायला हवा तिथे लागला नव्हता. दोष लाकडाचा नव्हता आणि आपल्या पावसाचाही नव्हता. पुढे स्वतंत्र भारतात १९६१ मध्ये 'रोहिणी' हे लाकडी ग्लायडर उडालं आणि अनेक तरुण त्यावर उडायला शिकले. नीट केलेलं लाकडी काम आपल्या हवेतही टिकतं, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आता आजच्या बांधणाऱ्याकडे येऊ. जुनी सिटका स्प्रूसची जंगलं बरीच तुटली, जी उरली त्यांतली पुष्कळशी राखीव आहेत. विमानाच्या प्रतीचं स्प्रूस मिळतं, पण महाग आणि वाट पाहून. म्हणून अनेक जण साध्या वखारीत डग्लस फर शोधतात. ते स्प्रूसपेक्षा जड, पण जास्त भक्कम. हत्यारानं काम करताना चिरतं, म्हणून हात जपून चालवावा लागतो. लांब अखंड फळी मिळाली नाही तर पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून तुळई करतात.

निवडीची रीत मात्र शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. आधी फळीचं टोक पाहायचं. स्प्रूसची वार्षिक वलयं इंचाला निदान सहा हवीत. विरळ वलयं म्हणजे घाईनं वाढलेलं झाड. मग लागून असलेल्या दोन्ही बाजूंवर रेषेचा तिरपेपणा मोजायचा, एकाच बाजूवर विसंबायचं नाही. रेषा दिसत नसेल तर शाईचा थेंब टाकायचा. तो तंतूंच्या दिशेनं पसरतो. मग रंधा मारून फळी तिरप्या उजेडात धरायची आणि रेषेला आडवी जाणारी केसाएवढी सुरकुती कुठे दिसते का ते बघायचं. झाड वादळात वाकलं असेल किंवा पडताना दुसऱ्या बुंध्यावर आपटलं असेल, तर आतले तंतू तिथे चुरगळलेले असतात. अशी फळी कितीही देखणी असो, ती टाकून द्यायची. शेवटी प्रत्येक फळीचा एक तुकडा मोडून पाहायचा. लांब लांब सालपं निघत, करकरत मोडला तर लाकूड चिवट. गाजरासारखा कट्‌कन तुटला तर ठिसूळ.

कारखान्यात लाकूड निवडणारा एक, कापणारा दुसरा, चिकटवणारा तिसरा आणि उडणारा चौथा असतो. मॉस्किटोच्या वेळी या साखळीतली एक कडी निखळली आणि त्याचे परिणाम हजारो मैलांवरच्या वैमानिकांनी भोगले. घरी बांधणाऱ्याच्या बाबतीत ही चारही माणसं एकच असतात. फळी नाकारली तर पैसे त्याचे जातात, महिने त्याचे जातात. चालवून घेतली तर त्या तुळईच्या भरवशावर बसायचंही त्यालाच असतं, आणि पुढेमागे शेजारच्या आसनावर त्याच्या घरचं कोणी बसणार असतं. म्हणूनच असे लोक संध्याकाळभर वखारीत फळ्या खालीवर करत राहतात आणि पुष्कळदा रिकाम्या हातानं घरी येतात. वखारवाला वैतागतो. पण रिकाम्या हातानं परत येण्याची ही तयारी ज्याच्यापाशी असते, त्याच्याच विमानात बसायला मी तयार होईन.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)