अनिता

मुलीचे नाव. जन्माने स्पॅनिश, वापराने पक्के मराठी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये ते सहज भेटते : बचत गटाच्या वहीत, अंगणवाडीच्या कागदांवर, रोजगार हमीच्या हजेरीपटावर. हाक मारताना त्याचे ‘अनिते’ होते, घाईत नुसते ‘अने’. हे नाव सातासमुद्रापलीकडून आले असेल अशी शंकाही कुणाला येत नाही.

हिब्रू ‘हन्ना’ म्हणजे कृपा. ग्रीक-लॅटिनमधून त्याचे ‘अ‍ॅना’ झाले आणि स्पेनमध्ये ‘आना’. तिथे नावाला ‘इता’ जोडले की लाडाचे रूप तयार होते. रोसाची रोसिता, तशी आनाची अनिता. परंपरेनुसार संत आना ही मरियेची आई, येशूची आजी. त्यामुळे कॅथलिक देशांत या नावाला कधी खंड पडला नाही. गोव्यात तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये मूल व्हावे म्हणून जोडपी काकड्या वाहतात आणि त्या उत्सवाला ‘तवशांचे फेस्त’ म्हणतात. वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल होता, तिथल्या ख्रिस्ती घरांत अशी नावे बाप्तिस्म्याबरोबर आली. डोंगरावरच्या जव्हारात मात्र मुकणे राजांचे राज्य होते. इथली अनिता चर्चच्या वाटेने आलेली नाही.

हे लाडाचे रूप जगभर गाजवले ते ब्राझीलमध्ये जन्मलेल्या आना मारिया रिबेरो हिने. इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीची ही बायको त्याच्यासोबत रणांगणात उतरली आणि १८४९ साली ऐन माघारीत वारली. इतिहासात ती अनिता गॅरिबाल्डी म्हणूनच राहिली.

भारतात आलेली पहिली नामांकित अनिता बहुधा मालागाची. आना देल्गादो, जन्म १८९०. माद्रिदच्या एका नाट्यगृहात ती बहिणीबरोबर नाचत असे. १९०६ साली राजा तेराव्या आल्फोन्सोच्या लग्नासाठी गेलेल्या कपूरथळ्याच्या महाराजा जगजितसिंगांनी तिला तिथे पाहिले आणि जानेवारी १९०८ मध्ये कपूरथळ्यात शीख पद्धतीने दोघांचे लग्न लागले. लग्नानंतर तिचे नाव प्रेमकौर ठेवले गेले. माहेरचे नाव बोहल्यावर बदलण्याची रीत मराठी घरांनाही चांगली ठाऊक आहे, पण इथे पुसले गेले ते नेमके पुढे घरोघरी ठेवले जाणारे नाव.

तीसेक वर्षांत चित्र पालटले. लेखिका अनिता देसाई यांचा जन्म १९३७ चा, सुभाषचंद्र बोस यांची कन्या अनिता हिचा १९४२ चा. दोघींची आई युरोपीय, वडील बंगाली. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना सहज उच्चारता येईल असे नाव शोधणाऱ्या घराला अनिताइतके सोयीचे नाव क्वचितच मिळाले असते. पुढे सिनेमाने ते गावोगाव नेले. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मधली सीता आणि १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’मधली देवी, दोन्ही भूमिका अनिता गुहा यांच्या. राज खोसला यांचा ‘अनिता’ आला १९६७ मध्ये. मराठी वाचकांना ‘सुनंदा’ म्हणून परिचित असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले.

मराठीने या नावाला इतक्या लवकर जवळ केले, याचे खरे कारण त्याच्या नादात आहे. सुनीता, विनीता, सविता, कविता, संगीता, ललिता ही रांग आधीच तयार होती. तीत अनिता न अडखळता उभी राहिली. बारशाच्या पुस्तकांत तिचा अर्थ बहुधा ‘कृपा’ असा छापतात. तो हन्नाचा अर्थ आहे, संस्कृतचा नव्हे. संस्कृत व्युत्पत्ती लावायला गेले तर ‘न नेलेली’ असे काहीतरी हाती येते. अशी ओढाताण करण्याची गरजही नाही. दोन-तीन पिढ्यांच्या मुली ज्या नावाने हाकेला धावल्या, ते नाव मराठीच.

जव्हार-मोखाड्यात या नावाने आणखी एक बदल दाखवला. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी यांच्या घरांत मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून नाव ठेवण्याची चाल होती : सोमा, मंगळ्या, बुध्या, मुलींत सोमी, मंगळी, बुधी. कधी नाव महिन्यावरूनही पडे. ऑक्टोबर १९४५ मध्ये वारल्यांच्या लढ्यात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या जेठ्या गांगड यांच्या नावात जेठ महिना ऐकू येतो. चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या वडिलांच्या नावात सोमवार आहे. जन्मदाखला नसलेल्या काळात निदान जन्मवार तरी अशा नावांतून टिकत असे. मग शाळा आली, आश्रमशाळा आली, रेडिओवर आणि पडद्यावर नवी नावे कानावर पडू लागली, आणि बापाचे नाव सोमा तर लेकीचे अनिता अशी जोडी कागदोपत्री दिसू लागली. सोमी, बुधी ही नावे आज मुख्यतः आज्यांची उरली आहेत. त्यांची नोंद गावागावांतून व्हायला हवी, कारण त्यांत एका समाजाची कालगणना आहे.

लेखन : मराठीत सहसा ऱ्हस्व ‘नि’, अनिता; हिंदीत दीर्घ, अनीता. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे असे झाले, की योजनेचा अर्ज भरताना अडचण येऊ शकते. म्हणून पहिल्या नोंदीपासून एकच रूप ठेवलेले बरे.