सतीश गुजराल: न ऐकलेला आक्रोश

सतीश गुजरालांबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'बहिरेपणावर मात करून' हे शब्द येतातच. मला हे 'मात' प्रकरण जरा खटकतं. का, ते सांगतो.

जन्म १९२५ चा, झेलमचा. आठव्या वर्षी काश्मीरमध्ये एका डुगडुगत्या पुलावरून घसरून पाय जबर दुखावला आणि त्यापाठोपाठ ऐकू येणंही गेलं. शाळा घेईनात. मग पोरगा अंथरुणावर पडून उर्दू पुस्तकं वाचायचा, चित्रं काढायचा. १९३९ मध्ये लाहोरचं मेयो स्कूल ऑफ आर्ट, १९४४ मध्ये आपल्या मुंबईचं जे. जे. पण आजारपणामुळे १९४७ मध्ये तेही सुटलं.

आणि नेमकी तेव्हाच फाळणी झाली. वडील निर्वासितांना सुखरूप हलवण्याच्या कामात होते, सतीशही त्यांच्याबरोबर. त्या दिवसांत जे पाहिलं ते पुढची काही वर्षं कॅनव्हासवर उतरत राहिलं. ही चित्रं नीट बघा. रक्त नाही, तलवारी नाहीत. आहेत ती दुमडलेली शरीरं, चेहऱ्यावर ओढून घेतलेली वस्त्रं, थोराड हात. मला वाटतं, त्यांच्यापर्यंत हंबरडा आवाज म्हणून पोचलाच नसणार. पोचला तो वाकलेल्या पाठीतून, आवळलेल्या मुठीतून. तुम्ही-आम्ही कान देऊन ऐकलं असतं, त्यांना ते सगळं डोळ्यांनीच घ्यावं लागलं.

म्हणजे बहिरेपणामुळे चित्रं झाली का? इतकं सोपं नाही हो! १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते मेक्सिकोला गेले, रिव्हेरा आणि सिकेरोस यांच्याकडे शिकले. सामान्य माणसांचं दुःख भिंतीएवढं मोठं करून मांडता येतं, हे तिथे दिसलं. जखम स्वतःची होती, पण ती मांडायची भाषा मेहनतीने शिकावी लागली. शिवाय कान तेच राहिले, काम मात्र बदलत गेलं: कोलाज, म्यूरल्स, जळक्या लाकडातली शिल्पं. वास्तुशास्त्राचं रीतसर शिक्षण नसताना दिल्लीतली बेल्जियमच्या वकिलातीची इमारतसुद्धा! नंतरच्या चित्रांत तर चक्क वादक आणि वाद्यं येतात. एकट्या बहिरेपणातून या सगळ्याचा उलगडा होत नाही.

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉक्लिअर इम्प्लांट झालं. साठाहून जास्त वर्षांनी आवाज परत आला, तोवर बहुतेक मोठं काम करून झालं होतं! मग मात कशावर केली म्हणायची? त्या शांततेला हरवून नाही, तिच्यात राहूनच हा माणूस काम करत होता.

२६ मार्च २०२० ला ते गेले. देशात लॉकडाऊन नुकताच सुरू झाला होता, त्या गडबडीत ती बातमी मागेच पडली. असो. दिल्लीला गेलात तर हायकोर्टाच्या बाहेरच्या भिंतीवरचं त्यांचं म्यूरल जरूर बघा. आणि बघताना 'बिचारा' हा शब्द घरी ठेवून जा.