मुळांवरच्या गाठींचा उलगडा

तूर, हरभरा, मूग यांचे रोप मुळासकट उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. कडधान्याचा बेवड जमिनीला चांगला, हे शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक होते. रोमन शेतीलेखक कोलुमेला यानेही पहिल्या शतकात ल्युपिन हे द्विदल पीक खत म्हणून जमिनीत गाडायला सांगितले होते. पण या गुणाचा गाठींशी संबंध कोणी जोडला नाही. इटलीच्या माल्पिघीने १६७९ मध्ये त्यांचे चित्र छापले, तेही रोगट सूज समजून.

फ्रान्समध्ये बूसँगोने १८३८ मध्ये भाजलेल्या वाळूत क्लोव्हर आणि वाटाणा वाढवला. रोपांत बियाण्यापेक्षा जास्त नत्र भरला. गव्हात मात्र तसे घडले नाही. पुढे १८५० च्या दशकात त्याने अधिक काटेकोर प्रयोग केले, तेव्हा ही वाढ दिसेनाशी झाली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी तर माती भट्टीत भाजली, रोपे काचेखाली झाकली, आत जाणारी हवाही धुऊन घेतली. १८६१ मध्ये निष्कर्ष आला: वनस्पती हवेतला नत्र घेत नाहीत. इथे निष्काळजीपणा नव्हता, उलट चोखपणाच नडला. मातीबरोबर हवेतला नत्र रोपाला मिळवून देणारे तिच्यातले जिवाणूही भाजून निघाले होते.

जर्मनीत बर्नबुर्ग येथे हेलरीगेल आणि विल्फार्ट यांना मात्र कुंड्यांतल्या विसंगतीनेच वाट दाखवली. नत्र नसलेल्या वाळूत ओट खुरटत. वाटाण्याची काही रोपे खुरटत, काही शेजारीच तरारून येत. निर्जंतुक वाळूत सुपीक मातीचे थोडे पाणी घातले की वाटाणा हिरवागार होई आणि मुळांवर गाठी येत. तेच पाणी उकळून घातले की काहीच होत नसे. बीटाच्या शेतातल्या मातीचे पाणी वाटाण्याला चाले, ल्युपिनला चालत नसे. त्याला ल्युपिनच्याच रानातली माती लागे. १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत हे जाहीर झाले. दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकने गाठींतला जिवाणू वेगळा काढला. १८८९ मध्ये फ्रांकने त्याला ऱ्हायझोबियम हे नाव दिले.

गाठ कशी घडते, हे विसाव्या शतकात उलगडले. मुळातून पाझरणारी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये जिवाणूला खुणावतात, जिवाणूही रासायनिक संकेत सोडतो, आणि मुळावरचे केस वाकून त्याला आत घेतात. आत रोप त्याला साखर पुरवते, तो नत्राचा अमोनिया करून देतो. हे काम करणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून गाठीत हिमोग्लोबिनचाच एक भाऊबंद प्राणवायू धरून ठेवतो. १९३९ मध्ये जपानच्या कुबोने तो ओळखला. नखाने फोडलेली गाठ आतून गुलाबी निघाली की ती कामाची. पांढरी किंवा हिरवट असेल तर तिचा फारसा उपयोग नाही.

नोबे आणि हिल्टनर यांनी १८९५-९६ च्या सुमारास ‘नायट्रॅजिन’ हे जिवाणू संवर्धन बाजारात आणले. महाराष्ट्रातही पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्याला अशा संवर्धनाचे २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळण्याची आणि बी सावलीत सुकवण्याची शिफारस असते. सोयाबीनला तुरीचे पाकीट चालत नाही. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी.