सेप्टर : पहिल्या अल्बमआधीची १० वर्षे

१९९८ साली मुंबईत 'सेप्टर' हा थ्रॅश मेटल बँड उभा राहिला. त्याचा पहिला पूर्ण अल्बम 'नाऊ ऑर नेव्हर' प्रकाशित झाला तो २००८ मध्ये. मधली १० वर्षे कुठे गेली, याचे उत्तर बँडच्या चरित्रापेक्षा शहराच्या इतिहासात अधिक सापडते.

आधी या संगीताचे कुळ पाहू. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत हार्डकोर पंक आणि मेटल यांचे श्रोते एकमेकांना पाण्यात पाहत. ह्यूस्टनमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या डी.आर.आय.ने आपल्या पहिल्या छोट्या तबकडीत तब्बल २२ गाणी कोंबली होती. हा वेग पंकचा. पुढे हा बँड सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि त्याच्या गिटारीत थ्रॅशचे वजन आले. १९८७ च्या त्यांच्या 'क्रॉसओव्हर' या अल्बमवरूनच या मिश्र शैलीला 'क्रॉसओव्हर थ्रॅश' हे नाव रूढ झाले.

मुंबईत मेटलवाल्यांशी भांडायला पुरेसे पंकवालेच नव्हते! येथे सारे एकाच गर्दीत उभे राहत, आणि ती गर्दी जमे धोबी तलावच्या रंगभवनात. सेंट झेवियर्स कॉलेजलगतच्या या खुल्या नाट्यगृहात १९८६ साली फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सव सुरू केला. १९९३ पासून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक थेट अलाहाबादहून निघू लागले आणि देशभरच्या बँडांच्या वार्ता त्यातून कळू लागल्या. उरणच्या रसिकाला मोरा बंदरातून लाँचने भाऊचा धक्का गाठणे सोपे होते. प्रश्न असे तो रात्री परतण्याचा. (उरणपर्यंत लोकल धावली ती जानेवारी २०२४ मध्ये.)

गिटारवादक गिलरॉय फर्नांडिस आणि ड्रमवादक अनिकेत वाघमोडे यांचे सेप्टर याच वातावरणातले. परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजवणाऱ्याला हमखास टाळ्या मिळत. स्वतःची रचना घेऊन येणाऱ्याची मात्र परीक्षा होई. अशा संगीतावर पैसा लावणारी कंपनी शोधणे तर त्याहून कठीण.

त्यातच २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाच्या आसपास तर हे तिन्ही होते. नियम अन्यायाचा होता असे म्हणता येत नाही. रुग्णाची झोप गिटारीपेक्षा मोठीच. परंतु रंगभवनातले जलसे थांबले आणि त्या तोलाची, मध्यवर्ती, खुली जागा शहराने पुन्हा उभारली नाही. मेटल पबांत आणि महाविद्यालयीन महोत्सवांत विखुरले.

'नाऊ ऑर नेव्हर' निघाला तो या विखुरलेल्या काळात. २०१३ च्या 'एज ऑफ कलॅमिटी'साठी सेप्टरने विषय निवडला स्त्रियांच्या शोषणाचा.