उभा अँटेना (१६० आणि ८० मीटर पट्ट्यांवरील)

उभा अँटेना : जमिनीवर सरळ उभी केलेली तार, नळी किंवा मनोरा हा ज्याचा एक भाग आणि त्याच्या पायाभोवतीची जमीन किंवा तिच्यावर पसरलेल्या तारा हा ज्याचा दुसरा भाग, असा अँटेना. हौशी रेडिओत १.८ आणि ३.५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे १६० आणि ८० मीटरच्या पट्ट्यांवर समुद्रापलीकडचे संपर्क साधणारे बहुतेक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, शेवटी याच अँटेनाकडे वळतात. त्याची कामगिरी मनोऱ्याच्या उंचीइतकीच, बहुतेक घरी तर उंचीहूनही जास्त, जमिनीवर ठरते. नवशिके मात्र सगळा खर्च आणि मेहनत वरच्या भागावर करतात.

उभ्याच अँटेनाची गरज का पडते, हे तरंगलांबीवरून कळते. आडवा डायपोल दूरवर पोचायचा तर तो जमिनीपासून साधारण अर्ध्या तरंगलांबीइतका उंच हवा. १६० मीटरवर ही उंची ८० मीटर होते, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी. तोच डायपोल २० मीटर उंचीवर टांगला, तर त्याची बहुतेक ऊर्जा थेट माथ्याकडे जाते आणि आयनांबरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. पुण्याहून नागपूर गाठायला असा डायपोल उत्तमच, आणि तेथे उभा अँटेना त्याच्यापुढे फिका पडतो. पण हजारो किलोमीटर जायचे तर लहरी क्षितिजालगत निघाव्या लागतात, आणि कमी उंचीत ते काम उभा अँटेनाच करतो.

पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा प्रारण-रोध आदर्श जमिनीवर सुमारे ३६ ओहम असतो. लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती ज्या रोधात खर्च झाली असे मानता येते, तो हा रोध. जमिनीत आणि जुळणीच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन जाणारी शक्ती हा वेगळा, तोट्याचा रोध. या दोन्हींच्या बेरजेत प्रारण-रोधाचा वाटा किती, तीच अँटेनाची कार्यक्षमता. १६० मीटरसाठी पाव तरंगलांबी ४० मीटर होते आणि तेवढा मनोरा फार थोड्यांकडे असतो. उंची घटली की प्रारण-रोध तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दहा मीटरच्या नळीचा प्रारण-रोध १६० मीटरवर जेमतेम दीड ओहम भरतो. जमिनीचा तोटा १५ ओहम धरला, तर १०० वॅटमधले नऊ वॅट बाहेर पडतात आणि बाकीचे माती तापवतात. नळीच्या टोकाला आडव्या तारांची टोपी जोडली की विद्युतप्रवाह टोकापर्यंत टिकतो आणि प्रारण-रोध चौपटीच्या जवळ जातो. टी आकाराचे आणि उलट्या एल आकाराचे अँटेना हेच साधतात. सहा ओहम प्रारण-रोध आणि तोच १५ ओहम तोटा धरला, तर २८ वॅटच्या आसपास बाहेर पडतात. आता जमिनीवर तारा अंथरून तोटा पाच ओहमवर आणला, तर हा आकडा ५५ वॅटच्या घरात जातो. नळी मात्र तीच, दहा मीटरची.

या तारांना रेडियल म्हणतात. किती रेडियल लागतात याचे पक्के उत्तर अमेरिकेत आरसीए कंपनीच्या ब्राउन, ल्युइस आणि एप्स्टाइन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी दिले. मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांभोवती १२० तारा पुरण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. हौशी माणसाला इतक्या तारांची गरज नाही. पहिल्या सोळा-वीस तारांनी सर्वांत मोठा फायदा होतो, तीस ते साठच्या पुढे तो हळूहळू आटतो. तार मोजकीच असेल, तर थोड्या लांब रेडियलांपेक्षा पुष्कळ आखूड रेडियल बरे, कारण विरळ तारांची बाहेरची टोके फारसा प्रवाह वाहत नाहीत. मातीत किंवा गवतात पडलेल्या रेडियलची लांबी काटेकोर असण्याचे कारण नाही. ते दोन-तीन मीटर उंच टांगले, तर मात्र पाव तरंगलांबीला जुळवावे लागतात. मग चारही पुरेसे होतात. फक्त चारही तारांत प्रवाह समान वाटला गेला पाहिजे.

फसगत होते ती केबल आणि अँटेना यांची जुळणी दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरपाशी. पाव तरंगलांबीच्या अँटेनाला जमिनीचा तोटा १४ ओहम असेल, तर ३६ आणि १४ मिळून नेमके ५० होतात. केबलशी जुळणी अचूक, मीटर १ दाखवतो, आणि सव्वाशातले पस्तीस वॅट जमिनीत जात असतात. रेडियल वाढवून तोटा चार ओहमवर आणला की मीटर १.२५ दाखवू लागतो आणि अँटेना बिघडला असा समज होतो. प्रत्यक्षात कार्यक्षमता ७२ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलेली असते. रेडियल घालताना मीटरवरचा आकडा चढत असेल, तर बहुधा काम बरोबर चालले आहे.

रेडियल पायाजवळचा तोटा वाचवतात. क्षितिजालगतच्या लहरी किती जोमदार निघतील, हे त्यापलीकडची, अनेक तरंगलांब्या दूरपर्यंतची जमीन ठरवते, आणि ती कुणाच्याच हातात नसते. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे पाच सिमेन्स, मध्यम प्रतीच्या मातीची ०.००५, म्हणजे हजारपट कमी. म्हणून किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेलगत उभा केलेला साधा अँटेना पाण्याच्या दिशेने जे करतो, ते खडकाळ माळावर महागड्या अँटेनालाही जमत नाही. दख्खनची ओली काळी माती कोकणातल्या जांभ्यापेक्षा कितीतरी बरी वाहक आहे; पण कोकणात पुळणीपर्यंत जाता आले, तर जांभ्याची उणीव खारे पाणी भरून काढते.

पाठवायला एक आणि ऐकायला दुसरा अँटेना ही चाल जुनी आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ग्रिनिच, कनेक्टिकट येथील १बीसीजी या हौशी केंद्राने २३० मीटरच्या आसपास पाठवलेले संदेश पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसन येथे ऐकले. १बीसीजीचा अँटेना टी आकाराचा होता आणि त्याखाली जमिनीपासून वर ताणलेल्या तारांचे जाळे होते. गॉडली यांनी ऐकण्यासाठी मात्र बेव्हरेज अँटेना, म्हणजे जमिनीलगत काही शे मीटर आडवी ताणलेली तार, वापरली. ही विभागणी आजही टिकून आहे. उभा अँटेना सर्व दिशांचा गोंगाट सारखाच उचलतो, आणि उष्ण प्रदेशात विजांचा कडकडाट रात्रभर या पट्ट्यांवर ऐकू येतो. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत तर टॉप बँडवर, म्हणजे १६० मीटरवर, कान देणेच कठीण होते. ऐकण्यासाठी कार्यक्षमता लागत नाही, नको त्या दिशा गाळण्याची क्षमता लागते. म्हणून प्रक्षेपणाला उभा अँटेना आणि ग्रहणाला बेव्हरेज किंवा लहान लूप, अशी जोडी करतात. जागा असणारे पाव तरंगलांबीच्या चौकोनात चार उभे अँटेना लावून पाठवण्याची दिशाही बदलतात.

या पट्ट्यांच्या बऱ्याच खाली, २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशींना दिलेल्या १३६ किलोहर्ट्झच्या पट्टीवर, तरंगलांबी २,२०० मीटर आहे. पंधरा मीटर उंचीच्या, टोपी लावलेल्या अँटेनाचा प्रारण-रोध येथे ०.०५ ओहमच्या आसपास असतो आणि जमिनीचा तोटा सहज ५० ओहम. तेथे मर्यादा एक वॅट प्रभावी उत्सर्गाची, म्हणजे सर्व दिशांना सारखे उत्सर्जन करणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना करून मोजलेल्या शक्तीची, आहे. तेवढा साधायलाही अँटेनाला तीनशेहून अधिक वॅट द्यावे लागतात. त्यासाठी अडीच अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो आणि पायाशी असलेल्या मोठ्या कॉइलवर दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब चढतो. ही कॉइल पावसापासून आणि मुलांच्या हातापासून दूर, कोरड्या बंद पेटीत ठेवतात.