पुसदचें गवत

१९३० च्या एप्रिल महिन्यांत महात्मा गांधींनीं दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललें आणि देशभर कायदेभंगाची लाट उसळली. वऱ्हाडापुढें मात्र एक साधीच अडचण होती : येथें समुद्र नव्हता. अकोला जिल्ह्यांतील दहिहंडा येथें विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करण्यांत आलें. परंतु सर्व प्रांताला पुरेल असा हा मार्ग नव्हता. शिवाय मृगाच्या सरी पडूं लागल्या कीं मिठागरें बंद पडतात. त्यांबरोबर चळवळहि थंडावेल, हें उघड दिसत होतें. अशा वेळीं यवतमाळ जिल्ह्यांत जी वाट शोधण्यांत आली, ती लोकांच्या कल्पकशक्तीचा एक बोलका पुरावा आहे.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा, तसाच सागाच्या रानांचाहि. पैनगंगेच्या खोऱ्यांत शेत आणि रान हीं एकमेकांना लागूनच असतात. शेतकऱ्याचे बैल, बंजाऱ्यांच्या गाई, गोंड-कोलामांचें सरपण व मोहाचीं फुलें, या सर्वांचा आधार रान हाच. परंतु तें सरकारनें राखीव केलें, आणि परवानगीवांचून तेथें गुरें चारणें किंवा गवत कापणें हा अपराध ठरला. मिठाच्या करानें गरिबाच्या ताटाला हात घातला होता; जंगलच्या कायद्यानें त्याच्या गोठ्याला घातला. दोन्ही ठिकाणीं अन्याय एकच होता. आणि पावसानें मिठाचा लढा थांबतो, तर गवत पावसांतच उगवतें!

या लढ्याचे अग्रणी लोकनायक माधव श्रीहरि अणे. वणी येथें १८८० सालीं जन्मलेले अणे यवतमाळचे वकील व टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. प्रतियोगी सहकारितेच्या या पुरस्कर्त्याचा कल कायदेमंडळांत शिरून सरकारशीं झुंजण्याकडे. तरीहि १० जुलै १९३० रोजीं पुसद येथें त्यांनीं हातीं विळा घेतला, राखीव रानांतील गवत कापलें आणि कारावास पत्करला. त्याच महिन्यांत डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनींहि यवतमाळजवळ हाच कायदा मोडला व त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. पेंढीभर गवताचें मोल तें काय? परंतु तें कापण्यास पदवी लागत नव्हती कीं भाषण लागत नव्हतें. आणि विळा तर प्रत्येक घरीं होता.

नगरांतील वकील-डॉक्टरांनीं हातीं घेतलेलें हें साधन लौकरच त्यांच्या हातांत मावेनासें झालें. त्याच वर्षीं बैतूल भागांतील गोंड व कोरकू मोठ्या संख्येनें जंगल सत्याग्रहांत उतरले. कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें २५ सप्टेंबरला, आणि शिवनी जिल्ह्यांत टुरिया येथें ९ ऑक्टोबरला गोळीबार झाला. टुरियाला चौघांनीं प्राण दिले, त्यांत तिघी स्त्रिया होत्या. रान ज्यांचें जीवन होतें, त्यांनींच सर्वांत मोठें मोल दिलें.

फळ मात्र त्यांच्या पदरीं उशिरा पडलें. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानें, जेथें मीठ सांपडतें तेथील खेड्यांना घरखर्चापुरतें मीठ घेण्याची मोकळीक मिळाली. रानालगतच्या खेड्यांना चाऱ्यासाठीं तशी मोकळीक मिळाली नाहीं. देश स्वतंत्र झाल्यावरहि राखीव रानांचे निर्बंध टिकून राहिले. वनवासी जनतेचे चराईचे व गौण वनोपजाचे हक्क संसदेनें कायद्यानें मान्य केले ते २००६ सालीं, म्हणजे पुसदच्या सत्याग्रहानंतर शहात्तर वर्षांनीं.

म्हणून पुसदचा सत्याग्रह निष्फळ ठरला असें म्हणतां येणार नाहीं. दांडीचें अनुकरण करावयाचें, तर वऱ्हाडाला समुद्र शोधीत बसावें लागलें असतें. दांडीचा अर्थ ज्यांना कळला, त्यांना तो आपल्या बांधापलीकडच्या गवतांत सांपडला. समाज पालटण्याचें सामर्थ्य बहुधा असेंच, दाराशीं पडलेल्या सामान्य वस्तूंत दडलेलें असतें. तें ओळखणारी दृष्टि तेवढी लागते, आणि ओळखल्यावर कमरेंत वांकून विळा चालविण्याची तयारी.