ताडपत्री, शीड आणि सावली

आमचं लोहा समुद्रापासून फार लांब. पाणी म्हणजे लिंबोटीचं धरण आणि नांदेडची गोदावरी, एवढंच. शिडाच्या होडीवर मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं.

तर झालं असं. माझा एक जुना विद्यार्थी गोव्यात होड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. शिडाच्या होडीत सुकाणूपाशी बसायची खोलगट जागा असते, तिला कॉकपिट म्हणतात. त्यावर त्याला सावलीचं कापड शिवायचं होतं. "सर, दोनदा शिवलं, दोन्ही वेळा वाऱ्यानं काठ फाटले. बाबाला विचारता का? फोनवर त्याला ऐकू येत नाही."

त्याचे वडील लोह्याच्या बाजारात पालं आणि ताडपत्र्या शिवायचे. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरायची, तिच्याआधी महिनाभर त्यांच्या मशीनला उसंत नसायची. पण त्यांच्याकडे जायला मला संकोच वाटला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांच्याच दुकानात उभं राहून मी पोराला म्हणालो होतो, "ठिगळं लावत आयुष्य काढणार का रे?" बाप समोर मशीनवर बसलेला होता. काही बोलला नाही.

म्हणून आधी सवयीप्रमाणे पुस्तकं उघडली. (अवघड ठिकाणी जायचं टाळायला पुस्तकासारखं साधन नाही.) पहिलाच धक्का बसला तो 'ताडपत्री' या शब्दाचा. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो की हा शब्द ताडाच्या पानावरून आला. प्रत्यक्षात तो इंग्रजी 'टारपॉलिन'ला आपण घातलेला मराठी सदरा! टार म्हणजे डांबर. जहाजावर डांबर लावलेलं जाड कापड पाण्यापासून बचावाला वापरत. सतराव्या शतकात खलाशालाच इंग्रज लोक टारपॉलिन म्हणू लागले. म्हणजे लोह्याच्या मोंढ्यात धान्यावर पसरलेली ताडपत्री जहाजावरून उतरून आलेली. माझ्या त्या विद्यार्थ्यांची आता माफीच मागायला हवी.

शीड आणि सावली यांचं नातं तर फारच जुनं. रोमच्या कोलोसियममध्ये प्रेक्षकांवर सावलीसाठी प्रचंड कापड ताणत. ते हाताळायला मिसेनम इथल्या आरमाराचे खलाशी ठेवलेले असत, कारण दोर आणि वारा त्यांनाच कळत होता. 1607 साली इंग्रजांनी अमेरिकेत जेम्सटाउन वसवलं तेव्हा त्यांची पहिली प्रार्थना झाडांना बांधलेल्या जुन्या शिडाखाली झाली. आणि आपल्या मुंबईतलं डोंगरी! तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाची शिडं व्हायची, तंबूही व्हायचे. त्या कापडाचं नाव इंग्रजीत 'डंगरी' झालं आणि पुढे त्याच्या विजारी जगभर गेल्या.

असो. शेवटी गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता. ओरडून ओरडून सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "गुरुजी, पाण्यावर खुंटी कुठं ठोकणार?" मी म्हटलं, होडीच्या कठड्याला आणि डोलकाठीला दोर बांधतात. तो जरा वेळ गप्प राहिला. मग माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं, घडी घातली आणि कात्रीनं कडा कापल्या. सरळ नाही, आत खाऊन, चंद्रकोरीसारख्या.

"सरळ काठ ताणला की मधी ढिला पडतोय. ढिला पडला की फडफडतोय, फडफडला की फाटतोय. आत खाऊन काप म्हणावं. काठात दोर घाल. अन् कोपऱ्याला दुहेरी नाही, चौहेरी कापड." मग म्हणाला, "पाऊस दिसला की दोर ढिले करायचे. सुती पाल वल्लं झालं की आखडतंय, खुंटी उपटून येतीय."

हे शेवटचं मी फोनवर सांगितलं तेव्हा पोरगा म्हणाला, "सर, आता सुती कुठं? ॲक्रिलिकचं आहे." 1961 साली अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं सनब्रेला नावाचं असं कापड काढलं. त्याच्या धाग्यात रंग सूत कातण्याआधीच मिसळलेला असतो. चुना फासलेली भिंत आणि आतूनच लाल असलेली वीट, एवढा फरक. म्हणून ते उन्हात लवकर विटत नाही. आपली निळी प्लास्टिकची ताडपत्री मात्र एकदोन उन्हाळ्यांत चुरा होते. अर्थात कापड कितीही भारी असो, जोराचा वारा सुटला की ते उतरवायचंच, नाहीतर तेच शीड होऊन होडीला ओढू लागतं. नांगर टाकलेला असताना मोठं पसरावं, चालत्या होडीवर लहान, म्हणजे वरचं शीड दिसत राहतं. हे सगळं त्यानंच मला समजावलं. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती गोव्यातच बांधलेली, हेही त्यानं अभिमानानं ऐकवलं.

वर्तमानपत्राचा तो तुकडा मी पाकिटात घालून कुरियरनं पाठवला. तीन आठवड्यांनी मोबाईलवर फोटो आला. पांढुरकं कापड, चारही काठ आत वळलेले, खाली सावलीत एक रिकामी खुर्ची.

फोटो म्हाताऱ्याला दाखवायला नेला. त्यानं डोळ्यांजवळ धरून कोपरे तपासले. "टाके बरे हायेत," म्हणाला. मग मोबाईल परत देताना, "गुरुजी, तुम्ही म्हणला होता ना, ठिगळं म्हणून."

मी हो म्हणालो. त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितलं.